दाखला कोणी न्यायचा? देशोदेशीच्या डिजिटल सरकारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की आमच्या सेवा केंद्रासमोर सकाळी आठपासून रांग असते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल. रांगेतली मुलं मोबाइलवर जगभरचं वाचत असतात आणि नंबर आला की विचारतात, "ताई, एस्टोनियात म्हणे सगळं घरबसल्या होतं. मग आपल्याकडे का नाही?" काउंटरच्या या बाजूला बारा वर्षं काढल्यावर हा प्रश्न मलाही स्वस्थ बसू देत नाही. मिळेल ते वाचत गेले, परदेशातल्या नातेवाइकांना विचारत गेले. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र ठेवली आहेत.

सगळे अर्ज ऑनलाइन झाले म्हणजे सरकार डिजिटल झालं का?

नाही. अर्ज ऑनलाइन होणं हा त्यातला सोपा भाग.

परवाचंच सांगते. एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आली. हातात डिजिटल सहीचा उत्पन्नाचा दाखला, म्हणजे मुळात सरकारच्याच सर्व्हरवर तयार झालेला. तिनं त्याची प्रिंट काढली होती, प्रिंटची झेरॉक्स काढली होती. मी ती झेरॉक्स स्कॅन केली, साइट घेईल इतक्या केबीत बसवली आणि सरकारच्याच दुसऱ्या सर्व्हरवर चढवली. या फेऱ्यात सहीची खूण म्हणजे नुसता एक काळपट डाग उरला. पलीकडे ती तपासणार कशी? चार दिवसांनी तिला निरोप आला, मूळ प्रत घेऊन समक्ष या. बसचं भाडं, आईचा एक दिवसाचा रोज बुडाला.

एका खात्याकडची माहिती दुसऱ्या खात्यापर्यंत नेतो कोण? देशांची तुलना करताना मी आधी हेच बघते. ते ओझं नागरिकाच्याच डोक्यावर असेल, तर खिडकीच्या जागी स्क्रीन आला, इतकाच बदल.

एस्टोनियाचं नाव सगळीकडे का घेतलं जातं?

तिथे हे ओझं सरकारनं उचललं आणि तसा कायदा केला म्हणून. एका खात्याकडे असलेली माहिती गोळा करायला दुसऱ्या खात्यानं वेगळी नोंदवही उघडायची नाही, असा तिथला नियम आहे. पत्ता लोकसंख्या नोंदणीत आहे ना, मग ज्याला हवा त्यानं तिथून घ्यावा, माणसाला पुन्हा विचारू नये.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघातून सुटून हा देश पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हा हाताशी पैसा फारसा नव्हता. जुन्या महागड्या यंत्रणाही नव्हत्या, त्यामुळे त्या सांभाळत बसायची पाळी आली नाही. १९९६ मध्ये त्यांनी शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट पोचवण्याची मोहीम जाहीर केली. २००० मध्ये डिजिटल सहीचा कायदा झाला आणि हातानं केलेल्या सहीइतकंच वजन तिला मिळालं. २००१ मध्ये 'एक्स-रोड', म्हणजे खात्याखात्यांत माहिती नेणारा रस्ता, सुरू झाला आणि २००२ पासून चिप असलेलं ओळखपत्र घराघरात गेलं. मला हा क्रमच महत्त्वाचा वाटतो. आधी कायदा, मग रस्ता, मग किल्ली. ॲप वगैरे खूप नंतर.

मूल जन्माला आलं की काय होतं, ते बघा. जन्माची नोंद दवाखान्यातून होते. ती झाली की २०१९ पासून तिथलं सामाजिक विमा खातं स्वतःहून आईबापांना कळवतं, की तुम्हाला अमुक भत्ते लागू होतात, मान्य असेल तर सांगा. अर्ज नाही, जोडपत्र नाही. ऑस्ट्रियानंही २०१५ पासून बाळाच्या भत्त्यासाठी अर्जाची अट काढून टाकली. आमच्याकडे एखादी बाळंतीण कडेवर मूल घेऊन जन्मदाखल्यातल्या नावाची चूक दुरुस्त करायला येते, तेव्हा मला हे हटकून आठवतं.

म्हणजे तिथे सगळ्यांची सगळी माहिती एकाच ठिकाणी साठवलेली असते?

उलट आहे. एक्स-रोड हे कोठार नाही, नावाप्रमाणे रस्ता आहे. आरोग्याची माहिती आरोग्य खात्याकडे, वाहनांची वाहन खात्याकडे, जमिनीची जमीन नोंदणीकडे. ज्याला गरज असेल आणि कायद्यानं अधिकार असेल, तो या रस्त्यानं विचारतो आणि तेवढंच उत्तर घेऊन जातो. प्रत्येक फेरीवर सही-शिक्का असतो आणि नोंद राहते.

त्या नोंदी नागरिकाला दिसतात, ही मला सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते. आपल्या खात्यात शिरून माझी माहिती कोणत्या कार्यालयानं कधी पाहिली, हे तिथला माणूस घरी बसून बघू शकतो. वावगं वाटलं तर विचारू शकतो, आणि कामाशिवाय डोकावलेल्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्या सातबाऱ्याचा उतारा आपल्याला न कळवता कोणी कोणी काढला, हे आपल्याला दिसलं असतं, तर गावोगावचे किती वाद सुरुवातीलाच लक्षात आले असते!

आपल्याकडे याची एक छोटी सोय आहे, पण फार थोड्यांना ठाऊक असते. आधारच्या संकेतस्थळावर किंवा एम-आधार ॲपमध्ये 'ऑथेंटिकेशन हिस्ट्री' बघता येते. तुमचं आधार कुठल्या संस्थेनं, कोणत्या तारखेला, अंगठ्यानं की ओटीपीनं तपासलं, ते गेल्या सहा महिन्यांपुरतं कळतं. कशासाठी तपासलं ते मात्र त्यात नसतं. अंगठा-डोळ्यांचे ठसे कुलूपबंद करण्याची सोयही तिथेच आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे दाखवते.

पण एस्टोनिया केवढासा! भारताशी त्याची तुलना कशी करायची?

शंका रास्त आहे. एस्टोनियाची लोकसंख्या जेमतेम साडेतेरा-चौदा लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या नंदुरबार जिल्ह्याची १६ लाखांवर होती. लहान देशात मंत्री, अधिकारी आणि संगणकवाले एकमेकांना ओळखतात, निर्णय लवकर होतात, हे खरंच.

तरी आकाराचं कारण सगळीकडे लागू पडत नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि आज भाजीच्या गाडीवर कोड लावलेला असतो. तेव्हा मोठ्या देशाला जमत नाही असं कसं म्हणणार? पैसे हस्तांतरित करताना या बँकेचा कागद त्या बँकेत न्यावा लागत नाही, कारण सगळ्यांनी एकच भाषा बोलायची असं ठरलं. खात्याखात्यांमध्ये ते अजून पुरतं ठरलेलं नाही.

आधार आणि एस्टोनियाचं ओळखपत्र एकच ना?

दिसायला सारखं, पण जात वेगळी. एस्टोनियाचं कार्ड किल्लीसारखं. चिपमध्ये दोन प्रमाणपत्रं आणि दोन पिन. पहिला चार आकड्यांचा पिन 'मी कोण' हे सांगायला, दुसरा पाच आकड्यांचा सही करायला. कार्ड चोरीला गेलं तरी पिन डोक्यात असतो, आणि बिघडलं तर नवं मिळतं.

आधारमध्ये पुरावा म्हणजे तुमचं शरीर. बोटं, डोळे, आता चेहरा. यामागचा विचार उदात्त होता. ज्याच्याकडे जन्मदाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, स्वतःच्या नावाचा एकही कागद नाही, त्यालाही ओळख मिळावी. म्हणूनच २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक दिले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. त्या दिवसानंतर १३० कोटींहून अधिक क्रमांक निघाले. इतक्या माणसांना इतक्या कमी वेळात ओळख देणं जगात दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही, आणि याचा मला अभिमान वाटतो.

पण बोट म्हणजे पिन नव्हे, ते बदलता येत नाही. आणि ऊसतोड करणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, विड्या वळणाऱ्या हातांवर रेषाच उरत नाहीत.

अंगठा लागत नाही, मग धान्य किंवा पेन्शन अडतं का?

अडायला नको, पण अडतं. आधार कायदा २०१६ चा. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सरकारी लाभांसाठी आधारची अट कायम ठेवली आणि खासगी कंपन्यांना आधार मागण्याची मुभा देणारी तरतूद रद्द केली. अंगठा उमटला नाही म्हणून रेशन नाकारू नये, पर्यायी मार्ग वापरावा, अशा सूचना आधार प्राधिकरणानं २०१७ मध्येच दिल्या आहेत. डोळ्याची बुबुळं, ओटीपी, चेहरा, काहीच नाही जमलं तर नोंदवहीत सही, असे ते मार्ग.

प्रत्यक्षात काय होतं, ते रोज बघते. सत्तरीच्या एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या होत्या. मशीनवर बोट ठेवलं, लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवलं, लाल दिवा. दहाही बोटं झाली. मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, मी समोर बसलेय की!" शेवटी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून काम झालं, पण त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणाहून त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. पर्याय आहे हे तिथे कुणाला माहीत नव्हतं किंवा सांगायची तसदी घेतली नव्हती. पर्यायाचा नियम मशीनशेजारी मोठ्या अक्षरांत लावलेला असावा, असं मला कळकळीनं वाटतं.

डेन्मार्कमध्ये सरकारी पत्रंही फक्त ऑनलाइन येतात म्हणे. म्हाताऱ्या माणसांचं काय?

माझे धाकटे दीर आणि जाऊबाई कोपनहेगनजवळ राहतात, त्यामुळे हे जवळून कळलं. तिथे प्रत्येकाला १९६८ पासून एक नागरिक क्रमांक असतो. जाऊबाई पोचल्यावर आधी तो क्रमांक घेतला, मग पिवळं आरोग्य कार्ड, मग 'मिटआयडी' ही डिजिटल ओळख. बँक, कर, दवाखाना, मुलाची शाळा, सगळ्याला तीच एक किल्ली. ही किल्ली सरकार आणि बँका मिळून चालवतात. लोक बँकेत रोज जातात आणि सरकारी साइटवर वर्षातून दोनदा, म्हणून रोजच्या सवयीची किल्लीच सरकारी कामाला वापरली, हे शहाणपणाचं. त्याशिवाय प्रत्येकानं एक बँक खातं 'सरकारकडून पैसे घेण्याचं' म्हणून नोंदवलेलं असतं. परतावा असो की भत्ता, तिथेच.

१ नोव्हेंबर २०१४ पासून १५ वर्षांवरच्या प्रत्येकाला सरकारी टपाल डिजिटल पेटीत घेणं सक्तीचं झालं. ज्याला जमत नाही त्याला नगरपालिकेत जाऊन सूट मागता येते आणि मग कागदी पत्र येतं. शिवाय ग्रंथालयांत आणि नगरपालिकांच्या सेवा कक्षांत मदतीला माणसं असतात. एवढं करूनही वृद्ध, अपंग आणि नव्यानं आलेले परदेशी लोक मागे पडतात, अशी टीका तिथेही होते. २०२५ च्या अखेरीस तर त्यांच्या टपाल कंपनीनं घरोघरी पत्रं वाटणंच बंद केलं. जाऊबाईंच्या शेजारच्या एक वृद्ध बाई आपल्या मुलाला स्वतःच्या वतीनं पत्रं वाचायचा अधिकार देऊन मोकळ्या झाल्या. अधिकृतपणे 'माझं काम हा बघेल' असं नोंदवण्याची ही सोय मला फार आवडली. आमच्याकडे लोक ओटीपी फोनवर ओरडून सांगतात, कारण दुसरा रस्ताच ठेवलेला नाही.

ब्रिटनमध्ये ओळखपत्रच नाही. मग त्यांचं कसं चालतं?

ब्रिटननं दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. ओळखपत्राचा कायदा २००६ मध्ये झाला होता, पण सरकारनं आपली मोजणी करावी हे लोकांना रुचलं नाही. २०१० मध्ये नव्या सरकारनं तो कायदा रद्द केला आणि नोंदणीच्या हार्ड डिस्क अक्षरशः यंत्रात घालून चुरडल्या.

त्यांचं खरं देणं आहे भाषेचं. २०११ मध्ये सरकारी डिजिटल सेवांसाठी वेगळा चमू उभा राहिला आणि १७ ऑक्टोबर २०१२ रोजी 'गव्ह डॉट यूके' हे एकच संकेतस्थळ सुरू झालं. कोणतं काम कोणत्या खात्याकडे, हे नागरिकाला माहीत असायची गरज नाही, त्याला काय हवं ते विचारा, असा त्यांचा आग्रह. प्रत्येक पान साध्या इंग्रजीत, आणि लोकांना समोर बसवून वापरून घेतलेलं. आपल्या अर्जांवरचं 'प्रतिज्ञार्थी', 'उपरोक्त', 'सक्षम प्राधिकारी' वाचून दहावी झालेला मुलगाही मला विचारतो, ताई इथे काय लिहू? मराठीत साधं लिहिता येत नाही असं थोडंच आहे!

ओळख नसल्याची किंमत त्यांनी मोजलीच. खासगी कंपन्यांकडून ओळख पटवून घेण्याची 'व्हेरिफाय' योजना २०१६ मध्ये सुरू झाली. २०२० पर्यंत अडीच कोटी लोक वापरतील असा अंदाज होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये आकडा ३६ लाखांवर होता. २०२३ मध्ये ती बंद केली. सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान किअर स्टार्मर यांनी पुन्हा डिजिटल ओळखपत्राची घोषणा केली, तेव्हा विरोधाच्या याचिकेवर बघता बघता वीस लाखांहून जास्त सह्या झाल्या.

जर्मनी एवढा तंत्रज्ञ देश, तो मागे कसा?

दोन कारणं. एक, इतिहास. नोंदवह्यांचा वापर माणसं हुडकून मारण्यासाठी झालेला त्या देशानं पाहिला आहे. १९८३ मध्ये जनगणनेच्या खटल्यात तिथल्या घटनापीठानं निकाल दिला, की स्वतःच्या माहितीवर माणसाचा स्वतःचा हक्क आहे. दोन, १६ राज्यं आणि हजारो नगरपालिका, प्रत्येकीची पद्धत निराळी. २०१७ च्या कायद्यानं ५७५ सेवा २०२२ च्या अखेरीपर्यंत ऑनलाइन करायच्या ठरवल्या, ती मुदत हुकली. २०२५ मध्ये त्यांनी डिजिटल कारभारासाठी वेगळं मंत्रालय केलं.

जर्मनांना नावं ठेवण्याआधी हे आठवावं, की आपल्या सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला तो २०१७ मध्ये आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला २०२३ मध्ये. तोवर १०० कोटींहून जास्त माणसांचे ठसे घेऊन झाले होते.

संगणकानं चूक केली तर कोण भरून देतं?

सगळ्यांत गंभीर प्रश्न हाच, आणि यात श्रीमंत, हुशार देशही साफ चुकले आहेत.

ऑस्ट्रेलियात २०१६ मध्ये सरकारी मदत घेणाऱ्यांची तपासणी संगणकाकडे दिली. मदत ठरायची दर पंधरवड्याच्या कमाईवर. संगणकानं काय केलं, तर कर खात्याकडून वर्षाची एकूण कमाई घेतली आणि तिला २६ नं भागलं. समजा, एखाद्यानं सहा महिने बेकारीत मदत घेतली आणि पुढचे सहा महिने नोकरी केली. भागाकार केल्यावर बेकारीच्या काळातही तो कमावत होता असं दिसायचं, आणि 'तुम्ही जास्त मदत उचलली, परत करा' अशी नोटीस घरी यायची. नोटीस चूक आहे हे सिद्ध करायचं त्या माणसानं, कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारचिठ्ठ्या शोधून. लोक खचले, काहींनी जीव दिला. २०२० मध्ये सरकारनं सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्या मागे घेऊन ७२ कोटी डॉलर परत करण्याचं जाहीर केलं. २०२३ मध्ये चौकशी आयोगानं ही योजना बेकायदा आणि निर्दय होती, असा ठपका ठेवला.

नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानात फसवणूक शोधताना हजारो आईबापांवर खोटा आळ आला. दुहेरी नागरिकत्व हे जोखमीचं चिन्ह म्हणून धरलं गेलं. घरं गेली, संसार मोडले. १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुट यांच्या सरकारनं राजीनामा दिला.

आणि ब्रिटनचं टपाल खातं. 'होरायझन' नावाच्या हिशेबप्रणालीत तूट दिसायची. खेड्यातलं पोस्ट चालवणाऱ्या माणसानं पैसे खाल्ले असं धरलं जायचं, कारण संगणक खोटं बोलत नाही असं सगळ्यांनी मानलेलं. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले. त्यांना निर्दोष ठरवणारा कायदा व्हायला मे २०२४ उजाडला. हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला. त्या माणसांचं काउंटर माझ्याच काउंटरसारखं होतं.

तिन्ही ठिकाणी पुराव्याचं ओझं माणसावर ढकललं गेलं. सरकारनं म्हणायचं, नागरिकानं खोडून दाखवायचं. आपल्याकडे 'आधारशी नाव जुळत नाही' हा त्याचाच धाकटा भाऊ. सासूबाईंच्या एका कागदावर नावापुढे 'बाई' आहे, दुसऱ्यावर नाही. तेवढ्यावरून एका बँकेत त्यांचं अनुदान सात महिने अडकलं, आणि दोन्ही नावांची बाई एकच, हे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर आम्हीच लिहून दिलं.

सगळं ऑनलाइन केलं आणि सर्व्हरच बंद पडला तर?

दक्षिण कोरिया या बाबतीत अग्रेसर देश. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्रात बॅटऱ्या हलवताना आग लागली. सातशेहून अधिक शासकीय यंत्रणा एका रात्रीत ठप्प झाल्या. सरकारी कर्मचारी ज्या सामाईक साठ्यात फायली ठेवत, त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. ८५८ टेराबाइट माहिती गेली.

एस्टोनियानं २००७ मध्ये मोठा सायबर हल्ला सोसला होता. त्यांनी महत्त्वाच्या नोंदींची प्रत लक्झेंबर्गमध्ये ठेवली आणि त्या जागेला दूतावासासारखं संरक्षण मिळवलं. देशाची जमीन उद्या कुणी बळकावली, तरी देशाची दप्तरं शाबूत राहावीत. शेजारी रशिया असल्यावर असा विचार सुचतोच.

२०१७ मध्ये त्यांच्याही कार्डांच्या चिपमध्ये दोष निघाला. साडेसात लाखांवर कार्डं, म्हणजे निम्म्याहून जास्त देश. सरकारनं ते लपवलं नाही, सप्टेंबरमध्ये जाहीर सांगितलं आणि नोव्हेंबरमध्ये दुरुस्त न झालेल्या कार्डांची प्रमाणपत्रं थांबवली. लोकांचा विश्वास टिकला याचं श्रेय मी त्या उघडपणाला देते.

युक्रेनच्या 'दिया'चं इतकं कौतुक कशासाठी?

हे ॲप फेब्रुवारी २०२० मध्ये आलं आणि २०२१ मध्ये त्यातल्या डिजिटल पासपोर्टला कागदी पासपोर्टचा दर्जा मिळाला. मग युद्ध आलं. घर सोडून पळालेल्यांना त्यातूनच कागद दाखवता आले, मदत मिळाली, पडलेल्या घराची नोंद करता आली. पूर आला की आपल्याकडे ट्रंकेतले कागद भिजतात. सांगली-कोल्हापूरचा २०१९ चा पूर आठवा. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्यातली कागदपत्रं कायद्यानं मूळ प्रतीच्या बरोबरीची आहेत, तरीही कित्येक ठिकाणी 'ओरिजिनल आणा' म्हणतात.

एस्टोनियात मतदानही ऑनलाइन होतं. आपल्याकडे का नको?

तिथे २००५ पासून आहे आणि मार्च २०२३ च्या संसद निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. दबावाखाली मत दिलं तर नंतर बदलता येतं, शेवटचं मत धरलं जातं. तरी मी याची घाई करणार नाही. जर्मनीच्या घटनापीठानं २००९ मध्ये म्हटलं, की मतमोजणी सामान्य माणसाला खास तांत्रिक ज्ञानाशिवाय पडताळता आली पाहिजे. मला ते पटतं.

या सगळ्यात भारताचा नंबर कितवा?

संयुक्त राष्ट्रं दर दोन वर्षांनी १९३ देशांची यादी काढतात. २०२४ मध्ये डेन्मार्क पहिला, मग एस्टोनिया, मग सिंगापूर. भारत ९७ वा. या यादीत सेवांबरोबर दूरसंचार आणि शिक्षणही मोजतात, त्यामुळे ती एका मर्यादेपर्यंतच उपयोगी. दाखल्यासाठी किती हेलपाटे घातले, ते तिच्यात येत नाही.

माझं काम आत्ता अडलंय. मी काय करू?

महाराष्ट्रात असाल तर तुमच्या हातात एक कायदा आहे, लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणं हा तुमचा हक्क आहे. मुदत संपली किंवा अर्ज नाकारला, तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि त्यानंतर सेवा हक्क आयोग. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. एस्टोनियासारखा रस्ता आपल्याकडे अजून झालेला नाही, पण जाब विचारण्याचा हा हक्क अनेक देशांत इतक्या स्पष्ट शब्दांत नाही. वापरतात मात्र फार थोडे.

त्यासाठी पावती हवी. अर्ज भरून झाला की अर्ज क्रमांक असलेली पोचपावती मागून घ्या, आणि नंतर बघू असं कुणी म्हटलं तर हलू नका. सेवा केंद्रात दरफलक लावलेला असतो, त्याहून जास्त पैसे देऊ नका, मी मागितले तरी. अर्जात स्वतःचाच मोबाइल नंबर घाला, केंद्रवाल्याचा नको, नाहीतर त्रुटीचा निरोप तुमच्यापर्यंत येतच नाही. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत स्वतः काढता येतो. दाखल्याची मूळ पीडीएफ मोबाइलमध्ये जपून ठेवा आणि पुढच्या वेळी झेरॉक्स न आणता तीच फाइल मला पाठवा. शिष्यवृत्तीवाल्या त्या मुलीचा अर्ज आम्ही दुसऱ्यांदा असाच भरला, थेट पीडीएफ चढवून. सहीचं हिरवं चिन्ह जसंच्या तसं पलीकडे पोचलं.